शिक्क्याचं सामान

मेजरकाका आडवे पडले की समजायचं, टेंपोत कुणीतरी आणखी एक वस्तू बसवली आहे. चपला काढून नीट जोडून ठेवायच्या, टोपी छातीवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि दुधाच्या टेंपोच्या हौद्यात सरळ ताठ पडून राहायचं. बाहेर निम्मं गाव उभं. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "मावतो!" मग लोक पांगायचे.

ते खरे मेजर नव्हते. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग त्याने तिथे उभा जन्म पोळ्या लाटलेल्या का असेनात. किसनकाका हवाई दलात होते आणि विमानात सामान चढवणं, बांधणं, उतरवणं हे त्यांचं काम. पण "हमालीच की" असं कुणी म्हणायच्या आत ते "लोडमास्टर" हा शब्द काढायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. गावात मास्तर या शब्दाला अजून वजन होतं.

मास्तर म्हणजे माझे वडील. ते गावच्या मराठी शाळेत शिकवायचे, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी मला मंचरला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. आमचं गाव डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या काठाने गेलेल्या रस्त्यावर. सुट्टीला आले की मला कुणाशी काय बोलावं ते सुचायचं नाही. मी आमच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. शेजारचा ओटा मेजरकाकांचा. त्यांना ऐकणारं माणूस लागायचं आणि मला न बोलता बसायला जागा लागायची, त्यामुळे आमचं छान जमलं.

नोकरीतून ते तीन गोष्टी घेऊन आले होते: हिंदीतलं "समझे?", चहात मीठ घालायची सवय, आणि वायरलेसवरची भाषा. हो आणि नाही हे शब्द त्यांनी बंदच केले होते.

"अवो, भाकरी वाढू का?" आतून सोनाकाकू विचारायच्या.

"निगेटिव्ह."

"मंग ऱ्हावा उपाशी," काकू म्हणायच्या आणि वाढायच्याच.

काकू मेजरकाकांपेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या. हे सगळ्या गावाला दिसायचं, काकांना कधीच दिसलं नाही. दोघं रस्त्याने निघाले की काका नेहमी चढाच्या बाजूने चालायचे. घरात लग्नानंतरचा एकच फोटो होता, त्यात काकू खुर्चीवर बसलेल्या आणि काका शेजारी उभे, तेसुद्धा कशावर तरी, कारण फोटोत त्यांचे पाय नव्हते.

काकूंना दमा होता. थंडी पडली, धूर झाला, पीठ उडालं की त्यांचा श्वास अडकायचा. जवळचा दवाखाना घोडेगावला, मोठा मंचरला. एसटी यायची, पण कधी यायची हे तिचं तिला ठाऊक. अशा वेळी काका काकूंच्या पाठीवर हात फिरवत ओट्यावर बसून राहायचे आणि रस्त्याकडे बघायचे. बघण्याचीच त्यांना सवय होती.

ती कशी लागली, ते त्यांनी पारावर इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक मधल्या मधल्या ओळी आपणच म्हणायचे.

"विमान आमचं सामानाचं," ते सुरू करायचे. "तंबू, बटाटं, डिझेल, पहाडात खेचरं. एक दिस वरनं हुकूम आला. आजपास्नं ह्ये विमान पाणबुड्या शोधनार."

"खेचरं उतरवली का आधी?" सरपंच भागुजीअण्णा दर वेळी विचारायचे.

"अफर्मेटिव्ह."

मग विमानाचं रूप कसं पालटलं ते यायचं. पोटाखाली रडारचा घुमट बसवला. शेपटीला लांब दांडा लावला, तो पाण्याखालचं लोखंड हुंगणार. मागच्या दारातून समुद्रात सोडायला डबे दिले, ते तरंगत राहून पाण्याखालचा आवाज ऐकणार आणि वर विमानाला कळवणार. आणि बाजूला फुगीर काचेची खिडकी, तिच्यात डोकं घालून खाली बघायचं. विमान बदललं तशी आतली माणसंही बदलली. काल दोर बांधणाऱ्या किसनकाकांना सांगण्यात आलं की आजपासून तू समुद्र बघ.

"परतेक खात्यानं आपापलं यंत्र घातलं. कुनी कुनाला न्हाई म्हनंना. सगळं बसलं, फकस्त तेलाला जागा उरली न्हाई. मंग ठरलं, लांब जायचंच न्हाई, जवळच शोधायचं."

"आन पाणबुडी लांब असली तर?"

"तर ती आपल्या खात्यात येत न्हाई."

"मेजर, पर सापडली का एखांदी?"

"निगेटिव्ह. येक बी न्हाई."

"मंग पगार कशाचा घेतला राव?"

"न्हाई त्ये बघायचा," काका शांतपणे म्हणायचे. "दिसभर बघायचं आन सांजंला सांगायचं, काय न्हाई. काय न्हाई ह्ये सांगायला बी मानूस लागतो. समझे?"

हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटायचं. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर ते रोज आठवायला लागलं.

या कथेचं एक शेपूट होतं, ते पारावर नाही, घरात सांगितलं जायचं, तेही काकूंकडून. एकदा समुद्रावर असताना विमानाचं एक इंजिन बंद पडलं. वजन कमी करायचा हुकूम झाला. "विमान तक्रार करत न्हाई," काका मधेच सांगायचे. "वजन वाढलं की नुसतं खाली येतं." पण यंत्रांवर सरकारी शिक्के होते. शिक्क्याचं सामान टाकलं तर चौकशी लागते. माणसं पडली तर नुसती शोकसभा होते. म्हणून ज्याच्यावर शिक्का नव्हता ते टाकलं. जेवणाचे डबे, बूट, पांघरुणं, आणि काकांची ट्रंक. तिच्यात काकूंसाठी दक्षिणेतून घेतलेलं रेशमी लुगडं होतं.

काकूंनी ते लुगडं कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याला मर्यादाच नव्हती. भांडणात ते कधी हिरवं असायचं, कधी जांभळं, सणावाराला त्याला जर फुटायची.

"यंत्रं घरी आनली आन माझं लुगडं मासळ्यांना दिलं," काकू म्हणायच्या. "आता बसली आसंल येखांदी नेसून."

यावर काकांचं निगेटिव्ह निघत नसे.

तर त्या वर्षी दूध सोसायटीने नवा टेंपो घेतला आणि जुना ग्रामपंचायतीला दिला. भागुजीअण्णांनी जाहीर केलं की याची आता अँब्युलन्स करायची. सामानाची गाडी दुसऱ्या कामाला लावण्याचा अनुभव गावात एकाच माणसाला होता. मेजरकाका समितीचे प्रमुख झाले. त्यांनी पारावर छोटंसं भाषण केलं. त्यात आधी माणूस, मग सामान, असं एक वाक्य होतं, आणि ते म्हणताना त्यांनी आमच्या ओट्याच्या दिशेने पाहिलं, जिथे काकू माझ्याशेजारी बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी टेंपोत फक्त स्ट्रेचर होतं. काका आडवे पडले. डोक्याशी जागा, पायाशी जागा. "मावतो!"

मग गावाचं प्रेम सुरू झालं.

आमच्याकडे माणूस देवळाला पंखा देतो तेव्हा पात्यावर नाव रंगवून देतो, आणि पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही म्हणून तो सहसा बंद ठेवतात. अँब्युलन्ससाठी भागुजीअण्णांच्या भावाने असाच पंखा दिला. पतसंस्थेने नातेवाइकांना बसायला लोखंडी बाक दिलं. मुंबईकर मंडळाने औषधांसाठी स्टीलचं कपाट दिलं. औषधं पुढच्या वर्षी. एकाने आईच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी दिली. तरुण मंडळाने कर्णा, ॲम्प्लिफायर आणि भलीमोठी बॅटरी आणली.

"पेशंट असताना कर्णा कशाला रं?" कुणीतरी विचारलं.

"पेशंट नसंल तवा गनपतीला व्हईल की."

महिला मंडळाने स्ट्रेचरच्या वर आडवी फळी ठोकून तिच्यावर देवाचा फोटो बसवला, पुढे घंटा टांगली. प्रत्येक वस्तूवर लाल रंगात नाव आणि खाली "सप्रेम भेट". सप्रेम भेट परत करता येत नाही, हलवता येत नाही आणि तिला नको म्हणता येत नाही. सरकारी शिक्का परवडला.

मलाही काम मिळालं होतं. पुढच्या बाजूला इंग्रजीत अँब्युलन्स लिहून दे, असं अण्णांनी सांगितलं. पुढच्या गाडीवाल्याला आरशात वाचता यावं म्हणून अक्षरं उलटी काढतात, हे मला माहीत होतं. मी उलटी काढून दिली. रंगाऱ्याने कागद बघितला, अण्णांना दाखवला, दोघांनी वडिलांकडे सहानुभूतीने पाहिलं. "येवढी फी भरून पोरीला सुलटं लिवता येईना," असं अण्णा म्हणाल्याचं मी ऐकलं. मला समजावून सांगायचं होतं, पण तोंड उघडेपर्यंत रंग वाळला होता. सुलट्या अक्षरांचा.

दर वस्तूनंतर काका आडवे पडत होते. कपाट आलं तेव्हा घोडेगावच्या वेल्डरकडून स्ट्रेचर पायाकडून कापून घेतलं. टाकी आली तेव्हा काकांनी पाय किंचित दुमडले. बॅटरी आली तेव्हा गुडघे वर केले.

"मावतो!"

"अवो, आडवं पडनार कोन हाये?" काकूंनी एकदा ओट्यावरून विचारलं. "मी का तुमी?"

"माप घेतलंय."

"कुनाचं?"

काका टेंपोमागे गेले. सगळ्यांसमोर बायकोला आडवं पडायला सांगून तिची उंची मोजायची, हे त्यांच्याने होणार नव्हतं. आणि दात्यांना नको म्हणायचं, हे प्रमुखपदी बसल्यावर कुणाच्यानेच होत नाही.

शिवाय त्यांचा स्वतःचाही हट्ट होताच. टेंपोच्या बाजूला त्यांनी फुगीर खिडकी बसवून घेतली. मंचरच्या एका कारागिराने जाड पारदर्शक प्लॅस्टिक तापवून तिला घमेल्यासारखा आकार दिला. ती उघडत नव्हती. तिच्या चौकटीने स्ट्रेचरची उशाकडची जागा खाल्ली होती. आणि तिच्याखाली, लाल रंगात, मेजर किसन यांजकडून सप्रेम भेट.

"ह्यातनं काय बघायचं, मेजर?" टेंपोचा ड्रायव्हर सुदाम म्हणाला.

"बघायचं," काका म्हणाले.

उद्घाटनाला तालुक्याहून एक साहेब आले. त्यांना पेशंट असलेला फोटो हवा होता. काकांनी चपला काढल्या. साहेबांनी नारळ फोडला, दार लावायला घेतलं, आणि ते काकांच्या गुडघ्यांना अडून पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "अत्यंत सुसज्ज," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढचे काही महिने अँब्युलन्सने एक लग्न, दोन सत्कार आणि गणपती असे पेशंट नेले.

दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी, काकूंचा श्वास अडकला. फटाक्यांचा धूर पहाटेपासून खालीच रेंगाळत होता. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा त्या ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ वेगळ्याच रंगाचे दिसत होते. काका आधीच टेंपोकडे पळाले होते. "तू बस गं संगं," सुदामने मला सांगितलं, आणि ताट हातात तसंच घेऊन मी मागे चढले.

काकूंना स्ट्रेचरवर ठेवलं. डोकं खिडकीच्या चौकटीला लागलं आणि पाय घोट्यापर्यंत दाराबाहेर राहिले. काकांनी त्यांचे गुडघे वर करून पाहिले, तरी पावलं बाहेरच. त्यांनी एकदा त्या पावलांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या. इतक्या वर्षांनी ते माप त्यांनी पहिल्यांदा घेतलं असावं.

आडवं होता येईना तर बसावं, दम्याच्या माणसाला बसूनच बरं वाटतं. काकू उठायला गेल्या आणि कपाळ देवाच्या फळीवर आपटलं. घंटा वाजली. म्हणजे पसरायला लांबी नाही आणि बसायला उंची नाही. शेवटी त्या कुशीवर वाकड्या होऊन, टाकी आणि कपाटाच्या मधे, हवा शोधत राहिल्या. आत जुन्या दुधाचा आंबट वास कोंडला होता. काकांनी दार दोरीने बांधलं आणि आम्ही निघालो.

धरणाच्या कडेने एक चढ आहे, उभा, वळणाचा. अर्ध्यावर टेंपो कण्हला, थांबला आणि हळूच मागे सरकला.

"मेजर, चढत न्हाई!" सुदाम पुढून ओरडला. "वजन लई झालंय!"

काकूंच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. काकांनी दाराची दोरी सोडली.

पहिलं गेलं बाक. ते रस्त्यावर पडल्याचा आवाज ऐकून सुदामने मान बाहेर काढली. "मेजर! त्ये पतसंस्थेचं हाये! नाव हाये त्याच्यावर!"

"वाचलंय," काका म्हणाले.

इतकी वर्षं ज्या हातांनी सामान बांधलं होतं ते हात आता उलटं काम करत होते, आणि फार भराभर. कपाटाची तार सोडली, टाचेने ढकललं. "मुंबईकर मंडळ," काकांनी मोठ्याने वाचलं आणि कपाट गेलं. "मातोश्रींच्या स्मरणार्थ." टाकी गडगडत उतारावरून गेली. बॅटरी, ॲम्प्लिफायर, कर्णा. "तरुन मंडळ." प्रत्येक नाव ते नीट, आदराने वाचत होते, हजेरी घेतल्यासारखं. पंखा गेला. फळी उपटली. देवाच्या फोटोपाशी थांबले, फुंकर मारून धूळ उडवली आणि तो माझ्या मांडीवर फराळाच्या ताटावर ठेवला. "धर. ह्यो वजनात न्हाई."

चढावर कुणी घसरायला नको म्हणून काकांनी दार पुन्हा बांधलं. टेंपो हलला. चढायला लागला.

आता जागा होती. काकांनी काकूंना उठवून बसवलं, पाठीशी स्वतः बसले. पण आत हवाच नव्हती. काकूंची मान खिडकीकडे वळत होती, बाहेर पाणी दिसत होतं, वारा त्यावर लाटा काढताना दिसत होता, आणि मधे ते जाड, फुगीर, चकचकीत प्लॅस्टिक. काकूंनी त्यावर तळहात टेकवला.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून दोन्ही पाय उचलले आणि स्वतःच्या नावासकट खिडकीला लाथ घातली. पहिल्या लाथेला ती नुसती वाजली. दुसऱ्या लाथेला चौकट सुटली आणि ते घमेलं बाहेर पडून, उतारावर टुणटुण उड्या मारत पाण्याकडे निघून गेलं.

थंड वारा आत आला. काकूंचे केस उडाले. त्यांनी तोंड उघडून तो घेतला, पुन्हा घेतला. शिट्टी थांबली नाही, पण तिच्यात मधे मधे जागा पडायला लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि रिकाम्या हौद्यावरून नजर फिरवली.

"काय... काय टाकलं?"

"सगळं."

"कुनाचं?"

"गावाचं."

"आन... आपलं?"

काकांनी भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवलं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. श्वास घेतला. "लई वंगाळ... दिसत व्हती."

काका अगदी हळू, माझ्या लक्षात येऊ नये अशा बेताने, म्हणाले, "ह्या टायमाला शिक्क्याचंच टाकलं गं."

काकूंनी डोळे मिटले. "शिकलात म्हनायचं," त्या म्हणाल्या.

पुढचं गावातलं सांगून टाकते, कारण ते ठराविक आहे. सभा झाली. वस्तू फुटल्या याचं कुणाला दुःख नव्हतं; नाव खाली आणि चिखल वर अशा पडल्या याचं होतं. "आमच्या आईचं नाव गटारीत," हे वाक्य बराच वेळ चाललं. काका उभे राहून एवढंच म्हणाले की वजन वाढलं होतं. शेवटी तोडगा काढला तो सोनाकाकूंनी, ओट्यावरून, शेंगा सोलता सोलता. "नावं बाहीर लिवा की समदी. रंगाला काय वजन आसतं?" तेव्हापासून टेंपोच्या बाहेरून बोटभर जागा मोकळी नाही, आणि आत स्ट्रेचरशिवाय काही नाही. ते स्ट्रेचर नवीन केलं, काकूंच्या मापाचं. काकू त्यानंतर बरीच वर्षं होत्या, आणि लुगड्याला पुढे मोराचा पदरही आला.

पण मेजरकाका म्हटलं की मला तो ओटा आठवत नाही, पारही नाही. मंचरच्या दवाखान्याचं आवार आठवतं. काकूंना आत नेलं होतं, नाकाला नळी लावली होती, आणि नर्सने आम्हाला बाहेर काढलं होतं. मी ताट आणि देव घेऊन पायरीवर बसले. काका दिसेनात म्हणून सुदाम टेंपोपाशी गेला.

दार सताड उघडं होतं. खाली चपला जोडून ठेवलेल्या होत्या. आत, रिकाम्या हौद्यात, आखूड स्ट्रेचरवर काका उताणे पडले होते, पाय लांब पसरून. टोपी या वेळी छातीवर नव्हती, तोंडावर होती.

"मेजर," सुदाम म्हणाला, "उतरा की. चहा घेता का?"

टोपीखालून आवाज आला.

"निगेटिव्ह," काका म्हणाले. "माप घेतोय."